इलेक्ट्रिक गाडीच्या बारीकसारीक खोड्या: तुमच्या कोणत्या, आणि काय बदलून हवंय?

बिनगिअर

पेट्रोलवर परत जायचं नाही, हे आधीच सांगतो. म्हणजे "मग विकून टाका की" असं लिहिण्याचे कोणाचे कष्ट नकोत. गाडी चालवायला झकास आहे. गिअर नाही, क्लच नाही, थरथर नाही, ट्रॅफिकमध्ये डावा पाय कायमचा निवृत्त.

बॅटरी किती वर्षं टिकेल, जाहिरातीतली रेंज खरी किती, यावर लोकांनी पुरेसं रान उठवलंय. मला विचारायचंय ते रोजच्या किरकोळ गोष्टींबद्दल. टेस्ट ड्राइव्हला त्या कळत नाहीत आणि गाडी घरी आली की डोक्यात जायला लागतात. माझी तक्रार थोडक्यात अशी: गाडीला सगळं माहीत असतं, पण ती सांगत नाही. सांगते तेव्हा भलतंच सांगते.

रेंजचाच आकडा घ्या. निघताना 310. घाट उतरून खाली आलो की 340, म्हणजे आपण गाडी चालवून रेंज कमावली! मग तासभर हायवेला 110 ने गेलो की थेट 210. आता मला कळतं की ती गेल्या काही किलोमीटरांत जशी चालवली तशीच पुढेही चालवणार असं धरून हिशेब करते. पण उतार संपलाय हे तिला नकाशावर दिसत असतं ना? नेव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकलं की हीच गाडी "पोहोचाल तेव्हा 34 टक्के उरतील" असं सांगते आणि ते बऱ्यापैकी जुळतं. म्हणजे अक्कल आहे, फक्त समोरच्या मोठ्या आकड्यासाठी ती वापरायची नाही असं ठरलेलं दिसतंय. मला एक आकडा नकोच. "अशीच चालवलीत तर 230, सावकाश गेलात तर 280" असं दोन आकड्यांत सांगा, माणूस समजून घेतो. सध्या मी तो आकडा घालवून तिथे टक्के लावलेत आणि 100 किलोमीटरला किती युनिट जातात तेवढं बघतो. शहरात 13 च्या आसपास, हायवेला 18. बाकी हिशेब तोंडी.

दुसरं, स्क्रीन. वायपरचा वेग बदलायला स्क्रीनवर दोनदा बोट लावावं लागतं, तेही समोरचं काही दिसत नसताना. ज्याने हे ठरवलं त्याला धो धो पावसात गाडीत बसवून रात्री हायवेला सोडलं पाहिजे. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलंय. ते वाचून बरं वाटलं, पण माझी गाडी त्याआधीची.

तिसरं, मी उतरलो की एसी बंद. वडील मागे बसलेले, मी पाच मिनिटांसाठी औषधं आणायला उतरलो. ड्रायव्हरच्या सीटवरचं वजन गेलं, दार उघडून बंद झालं, की गाडीच्या लेखी प्रवास संपला. मागे एक माणूस बेल्ट लावून बसलाय हे तिला ठाऊक आहे, कारण बेल्ट नाही लावला की तीच कोकलते.

चौथं अगदीच क्षुल्लक. चार्जिंगच्या झाकणाखाली दिवा नाही. रात्री एका हातात चार्जिंगची जड गन, दुसऱ्या हाताने रबरी टोपण बाजूला धरायचं, आणि टॉर्च लावलेला मोबाईल दातांत. सॉकेट कुठे आहे ते चाचपडत शोधायचं. एका एलईडीचा प्रश्न आहे हो!

आणि ज्यामुळे हा धागा काढला ते शेवटी. परवा गाडी उघडेचना. किल्ली दाबली, ॲपवरून बघितलं, हँडल ओढलं, काही नाही. आदल्या रात्री 70 टक्के चार्ज दाखवत होती. सर्व्हिसवाला आला, म्हणाला बारा व्होल्टची बॅटरी गेली. एवढी अवाढव्य बॅटरी पोटात घेऊन फिरणारी गाडी त्या टीचभर बॅटरीपायी आडवी कशी होते? आणि ती जाणार आहे हे आधी का सांगत नाही?

तुमच्या गाडीच्या खोड्याही लिहा. आणि उद्या गाडी बनवणारा समोर बसला तर कोणती एक गोष्ट मागाल तेही.

जुना_कार्ब्युरेटर

स्टेपनी.

बाकी सगळं नंतर. दोन टन वजनाची गाडी, आणि टायर फाटला तर डिकीत काय, तर फेसाची बाटली आणि पंप. खिळा घुसला तर ठीक, चालतं. टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, चिरली तर त्या बाटलीने आरती ओवाळायची का?

तारतम्य

बिनगिअर, बारा व्होल्टचं सांगतो, कामच त्यातलं आहे.

गाडी लॉक करून गेलात की मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. मुद्दाम. तीन-चारशे व्होल्ट आहेत, ते अपघातात किंवा गॅरेजमध्ये कोणाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर असतात, म्हणजे दणकट रिले, विजेने उघडझाप होणारे स्विच. गाडी सुरू करताना खालून "टक" असा आवाज येतो तो त्यांचा. आता मेख अशी की हे कॉन्टॅक्टर ओढायला लागणारी वीज त्या टीचभर बॅटरीतूनच येते. दरवाज्याची कुलुपं, किल्ली ओळखणारा रिसीव्हर, सगळे कॉम्प्युटरही तिच्यावर. ती मेली की तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली.

तिला भरतं कोण? गाडी चालू असताना आणि चार्जिंगला असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतून छोटीला देत असतो. काही गाड्या नुसत्या उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होऊन छोटीची तब्येत बघतात आणि लागलं तर भरून घेतात. काही बघत नाहीत. हा निव्वळ सॉफ्टवेअरचा मामला आहे, त्यामुळे एकच बॅटरी एका गाडीत टिकते आणि दुसरीत लवकर जाते. बसल्या बसल्या ॲप उघडून टक्के बघायची सवय असेल तर ती आधी आवरा. दर वेळी गाडीतली अर्धी यंत्रणा जागी होते आणि परत झोपायला वेळ घेते, तेवढा सगळा वेळ खर्च छोटीच्या खात्यावर.

आधी कळत का नाही, हा तुमचा प्रश्न खरा महत्त्वाचा. पेट्रोल गाडीत बॅटरी जायला आली की स्टार्टर रडायला लागतो. "घुर्र… घुर्र…" ऐकलं की माणूस समजतो. इथे स्टार्टरच नाही. कॉन्टॅक्टर ओढायला आणि कॉम्प्युटर जागे करायला फार थोडा करंट लागतो, त्यामुळे मरायला टेकलेली बॅटरीही शेवटच्या दिवसापर्यंत काम चालवून नेते आणि एका सकाळी एकदम संपते. म्हणजे जुन्या गाडीत फुकट मिळणारा इशारा इथे गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी ठेवला नाही. माझी मागणी हीच: छोटीचा व्होल्टेज स्क्रीनवर द्या. गाडी तो सतत मोजत असते, नवं काहीच बसवायचं नाही. लेड-ॲसिडची असेल तर गाडी काही तास उभी असताना 12.6 म्हणजे भरलेली, 12 च्या खाली गेली की लक्षण ठीक नाही. लिथियमची असेल तर आकडे वेगळे.

तोवर हे करा. किल्लीच्या आत लपलेली धातूची किल्ली असते, ती काढून ठेवून द्यायची वस्तू नाही. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या हँडलवरचं एक झाकण काढलं की खाली कुलूप सापडतं, ते आत्ताच शोधून ठेवा, अंधारात नको. छोटी मेली तर साध्या जम्पर केबलने किंवा जम्पर पॅकने तिला जागं करता येतं, जोडायची जागा मॅन्युअलमध्ये बघा. उलटं मात्र करू नका. आपल्या इलेक्ट्रिकवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करून द्यायला पुष्कळ मॅन्युअल स्पष्ट मनाई करतात. स्टार्टर मोटर जो करंट ओढते त्यासाठी ही व्यवस्था बनलेलीच नसते.

मागची_सीट

माझी खोडी गाडीची नाही, गाडी चालवणाऱ्याची म्हणावी लागेल. नवरा चालवतो तेव्हा आईला मागे मळमळतं, मी चालवते तेव्हा नाही. पेट्रोल गाडीत तिला कधीच त्रास नव्हता. शोधून काढल्यावर कळलं की हे महाशय रीजेन (पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि त्यातून वीज बनवून बॅटरीत परत भरते, ते) कायम जास्तीत जास्त ठेवतात आणि ॲक्सिलरेटरवरून पाय असा उचलतात जसा काही तो बल्बचा स्विच आहे. पाय उचलला की गाडी मागे खेचते, ठेवला की पुढे. पुढे बसलेल्याला रस्ता दिसतो, त्याचं शरीर आधीच तयार असतं. मागे बसलेल्याला ना रस्ता दिसत, ना इंजिनचा आवाज कमी झालेला ऐकू येत.

आई गाडीत असली की रीजेन सगळ्यात खालच्या पायरीवर, हा आता घरातला नियम आहे. पण आमची गाडी बंद करून चालू केली की परत मूळ जागी! दर वेळी पुन्हा लावा. मला हवंय एवढंच की मी ठरवलेलं तिने लक्षात ठेवावं. सीट कुठे होती ते राहतं लक्षात, आरसा राहतो, मग हेच का विसरते?

तारतम्य, दोन प्रश्न. नुसता पाय उचलून गाडी हळू होते तेव्हा मागचे लाल दिवे लागतात का? मला सारखी धास्ती असते की मागचा येऊन आदळेल. आणि बॅटरी पूर्ण भरलेली असली की सकाळी पहिल्या उतारावर गाडी रोखतच नाही, ते का?

तारतम्य

ताई, दुसऱ्याचं आधी. रीजेनने तयार झालेली वीज कुठेतरी जायला हवी. बॅटरी काठोकाठ भरली की जागा नाही, म्हणून रीजेन कमी किंवा बंद. कडाक्याच्या थंडीतही तेच, गार पडलेले सेल झपकन चार्ज घेऊ शकत नाहीत. काही गाड्या अशा वेळी गुपचूप खरे ब्रेक लावून भरपाई करतात, तुमची करत नाही. उंचावर राहत असाल तर 90 ला चार्जिंग थांबवा, उताराला जागा राहील.

दिव्यांचं: संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक आर13-एच नियमात आकडे ठरलेले आहेत. पाय उचलल्याने येणारी वेगातली घट दर सेकंदाला 1.3 मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त असेल तर लाल दिवे लागलेच पाहिजेत, 0.7 पर्यंत असेल तर लागता कामा नयेत, मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. हा नियम पाळून बनलेल्या गाडीत जोरदार रीजेनला दिवे लागतात. रात्री भिंतीकडे पाठ करून हळू चालवत बघायला जाऊ नका, तेवढ्या वेगात कळणार नाही. मागून दुसरी गाडी घेऊन कोणाला तरी यायला सांगा.

आणखी एक, न विचारलेलं. सगळं काम रीजेन करतं म्हणून ब्रेक नुसते बसून असतात आणि डिस्कवर गंज धरतो. अधूनमधून मोकळा रस्ता आणि मागे कोणी नाही असं बघून, रीजेन कमी करून, चार-दोनदा दणकून ब्रेक मारा.

बिनगिअर

तारतम्य, स्टार्टर रडण्याचं वाचलं आणि चक्र फिरलं. सर्व्हिसवाल्याने नुसतं "अशा जातातच" म्हणून बिल हातात ठेवलं होतं. हँडलवरचं झाकण सापडलं. ते इतकं घट्ट की नखाने निघत नाही, किल्लीच्याच टोकाने खालच्या खाचेत ढकलावं लागतं.

अजून एक विचारतो. माझी बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची. मॅन्युअल म्हणतं अधूनमधून 100 पर्यंत भरा. ओळखीतला एकजण, त्याची एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टवाली), तो म्हणतो 80 च्या वर जाशील तर बॅटरीची वाट लागेल. मी बरेच दिवस त्याचं ऐकून 80 ला थांबत होतो. मग एकदा रस्त्यात 19 टक्क्यांवरून डोळ्यांदेखत 11 वर आली. मधले टक्के गेले कुठे?

दोन_टक्के

कुठे गेले नाहीत, नव्हतेच ते. (नाव का घेतलंय ते यावरून कळेल.)

एलएफपी सेलचा व्होल्टेज भरलेला असो की अर्धा, जवळपास तेवढाच असतो, 3.2-3.3 च्या आसपास सपाट रेघ. त्यामुळे व्होल्टेजवरून किती उरलंय ते गाडीला ओळखता येत नाही. मग ती आत किती करंट गेला, बाहेर किती आला, याची बेरीज-वजाबाकी करत बसते. त्यात रोज थोडी थोडी चूक साठते. पूर्ण भरताना आणि अगदी रिकामी होताना मात्र रेघ वाकते, तिथे तिला खरा ठावठिकाणा कळतो आणि हिशेब दुरुस्त होतो. तुम्ही वर कधी गेलाच नाहीत, म्हणून खाली आल्यावर तिला साक्षात्कार झाला. मॅन्युअलचं ऐका. मित्राचंही चुकीचं नाही, त्याच्या रसायनाला रोज पूर्ण भरलेलं राहणं मानवत नाही. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, एवढंच.

रेंजच्या आकड्यावर थोडं गाडीच्या बाजूने बोलतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे तुमची बॅटरी 60 युनिटची धरली, तर ती सात लिटरसुद्धा नाही! सात लिटरची टाकी घेऊन आपण तीनशे किलोमीटर जातो, कारण मोटर जवळजवळ काहीच वाया घालवत नाही. पेट्रोल इंजिन बहुतेक इंधन उष्णतेत उडवतं, त्यामुळे तिथे थोडा जास्त वेग, थोडा हीटर, छतावरचं सामान, या कशाचाच पत्ता लागत नाही. हीटर तर त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर फुकटात चालतो. इथे साधा हीटर 3 किलोवॅट ओढायला लागला तर तासाला 3 युनिट, म्हणजे तुमचे 5 टक्के. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 90 चे 110 केलेत की जवळपास दीडपट. आकडा नाचतो तो म्हणून. पण दोन आकडे दाखवा ही मागणी रास्त आहे, माझाही हात वर.

माझी स्वतःची मागणी: चार्जिंग थांबलं तर का थांबलं ते लिहा. सकाळी उठून बघावं तर "चार्जिंग थांबले". अरे पण का? वीज गेली, केबल तापली, चार्जरने हात वर केले, की तूच कंटाळलीस? गाडी आणि चार्जर आपसात बोलत असतात, कारण नोंदलेलं असतं. ते वाचायला सर्व्हिस सेंटरला का जायचं?

मागची_सीट

बिनगिअर, वडिलांच्या एसीचं. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी वेगळा मोड असतो, गाडी न चालवता मोठ्या बॅटरीवर एसी आणि बाकी सगळं चालू ठेवणारा. प्रत्येकाने नाव वेगळं दिलंय, कोणी कॅम्प म्हणतं, कोणी युटिलिटी, कोणी कुत्र्याच्या नावाने. आमच्यात तो एसीच्या पानावर नाहीच, "वाहन" मध्ये आत कुठेतरी पुरलाय. बारा व्होल्टवर भार पडत नाही, कारण त्या वेळी कन्व्हर्टर चालू असतो. पण उतरायच्या आधी लावावा लागतो.

जुना_कार्ब्युरेटर

सगळं वाचलं. उत्तम चाललंय. व्होल्टेज झाला, दिवे झाले, ताईंच्या आईची मळमळ झाली. स्टेपनीवर एक शब्द नाही.

आणि पंक्चरवाल्याला सांगितल्याशिवाय जॅक लावू देऊ नका. मधोमध सगळी बॅटरी पसरलेली असते, जॅक लावायच्या जागा कडेला खुणा करून दिलेल्या असतात. टोइंगवाल्यालाही दोरी बांधू देऊ नका. मोटर चाकांना जोडलेली, चाकं फिरली की ती वीज बनवायला लागते. गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. हे सगळं करायची वेळ येते का, तर स्टेपनी नाही म्हणून.

बिनगिअर

ताई, मोड सापडला. सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर, "आराम" या नावाखाली. वडिलांना दाखवला, ते म्हणाले काच उघडी ठेवली असतीस तरी चाललं असतं.

काका, स्टेपनीचं मनावर घेतलं. सकाळी टेप घेऊन मोजमाप केलं. डिकीच्या तळाखाली जो खण आहे त्यात चार्जिंगची केबल जेमतेम मावते. बॉनेटखालच्या कप्प्याची रुंदी पुरते, पण खोलीत पूर्ण टायर बसतच नाही, बॉनेट वर राहतं. तात्पुरती बारीक स्टेपनी असते ती आडवी बसेलसं वाटतंय, पण मग ती घट्ट बांधायला तिथे एकही हुक नाही, आणि पुढून ठोकर बसली तर ती कुठे जाईल याची शंका येते. डिकीतच पट्ट्याने आवळून कोणी ठेवली असेल तर फोटो टाका, आणि रिमचं माप लिहा. ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही ना, तेही.